लाल रंग न दिसणाऱ्यांसाठी

रुपाजी मेस्त्री सहाला येतो म्हणाला.
मी पाचला उठून
बोंबलाला आणि सुंठीला आत घेतो,
मागच्या दाराला कडी घालतो.
खळ्यातली त्यांची पाण्याची कढई पालथी,
गोणपाट आत,
चावून चावून अर्धी उरलेली माझी चप्पलसुद्धा आत.

मोहोर यंदा उशिरा आला. तुडतुडे मात्र वेळेवर.
कलम नेमकं खळ्यावर ओणवं,
आणि त्याच्याच बुडाशी या दोघांनी
तांबड्या मातीत आपापले खड्डे उकरलेत,
दुपारचं अंग गार करायला.
झाड हलत नाही, कुत्रे ऐकत नाहीत.
म्हणजे ऐकायचं मीच.

बाटली चष्म्याशी धरतो.
चौतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली,
बारीक अक्षराची सवय आहे,
पण हे अक्षर मुंगीच्या पायाचं.
दहा लिटरला किती. तोंडाला फडकं.
मुलं आणि जनावरं लांब.
आणि कोपऱ्यात तो तिरका चौकोन,
खालचा अर्धा रंगवलेला.

कुत्र्यांना म्हणे लाल दिसत नाही.
निळा दिसतो.
त्यासाठी असं नाही,
पण जामसंड्याला दोन खेपा घातल्या
आणि निळ्या चौकोनाची आणली.
निळा म्हणजे निर्धोक नव्हे,
दुकानदारही तेच म्हणाला:
जरा सावकाश, एवढंच.

रुपाजी पंप सुरू करतो.
या वेळी वारा जमिनीवरून दर्याकडे.
मतलई वारे, चौथीत पाठ केलेले,
मास्तरांची पट्टी अजून आठवते.
दहा वाजले की तो उलटेल,
मग फवारा सरळ माजघरात.
'घाई कर,' म्हणतो मी.
'आणि कुत्र्यांच्या खड्ड्यांवर नको, वर मार, वर.'
तो हसतो फडक्याआडून.
'आमी दरवर्सा मारतंव. कोण मेला?'

मी पाइपाचा पीळ सोडवत बसतो.

मोगी मेली.
पण त्यात रुपाजीचा हात नव्हता,
तो त्या वर्षी नव्हताच.
डबा मी धुतला होता, विहिरीपाशी,
स्वच्छतेची मोठी हौस,
आणि ते पाणी ओतलं माडाच्या आळ्यात.
पांढरट. ताकासारखं.
लाल चौकोन डब्यावर होता,
पाण्यावर नव्हता.
सुलक्षाला मी सांगितलं, फुरसं चावलं असेल.
अकरा वर्षं झाली,
फुरसंच चावलंय.

आता डबा तीनदा विसळतो
आणि तिन्ही वेळचं पाणी परत टाकीत,
फवाऱ्याबरोबर झाडावर.
मग डब्याच्या बुडाला खिळा ठोकतो,
कुणी त्यात रॉकेल भरू नये, पाणी तर नकोच.
रुपाजीला वाटतं म्हातारा चिकट,
थेंबसुद्धा सोडत नाही.
वाटू दे.

आतून सुंठ रडते आहे.
बोंबलाचं नाक दाराच्या फटीत,
काळं, ओलं, बटणाएवढं.
मला वास येतो तो नुसता उग्र.
त्याला त्यात काय काय येत असेल,
आणि कोणता धोका
आणि कोणतं गंमत म्हणून चाटून बघण्याजोगं,
हे त्याचं त्यालाही नसेल कळत.

सुकायला किती ते बाटली सांगत नाही.
नुसतं, सुकेपर्यंत.
दुपारी एकदा जाऊन पान चिमटीत धरलं: चिकट.
चारला कोरडं.
मी तरी पाच वाजू देतो.
खड्ड्यातली वरची माती फावड्याने काढून
नवी रेव पसरली,
कढई घासून ताजं पाणी भरलं,
मग कडी काढली.

दोघं सुटले ते थेट खड्ड्यात.
सुंठीने नव्या रेवेला शिंक दिली,
तीन गिरक्या घेतल्या, बसली.
बोंबील मात्र माझ्याकडे आला,
दिवसभर कोंडल्याचा राग विसरून,
आणि हात चाटायला जीभ काढली.

मी हात मागे घेतला.
साबणाने दोनदा धुतला होता, आठवतं मला.
तरी न्हाणीघरात जाऊन
तिसऱ्यांदा धुतला, कोपरापर्यंत.

तो दारात थांबला होता.