एकसष्ट मतं

मतं मोजली ती शाळेतल्या तिसरीच्या वर्गात.
फळ्यावर आदल्या दिवसाची बेरीज तशीच होती,
हातचा एक घ्यायला कुणीतरी विसरलेलं.
पहाटे तीनला मास्तर बाहेर आले, म्हणाले,
अबुटोबाई. एकसष्टने.
आणि विजेरी विझवून मागच्या दाराने गेले.

आमच्या किनाऱ्यावर नावा चाळीस.
त्यातली एक अर्धी माझ्या नवऱ्याची, अर्धी माझ्या भावाची.
ओविती रागोतचा माणूस. न्यागुदी अबुटोबाईंचा.
पक्ष एकच, झेंडा एकच,
सदरेसुद्धा किसुमूहून एकाच गठ्ठ्यात आलेले,
हिरवे, घाम आला की अंगाला रंग लावणारे,
फक्त छातीवरचा चेहरा निराळा.
त्या पहाटे कोण कुणाला मारतंय कळत नव्हतं.
मारणाऱ्यांनाही नाही,
म्हणून आधी कॉलर धरून छाती बघायची,
मग ठोसा.

मी ओमेना वाळवते.
चिमूटभर जिवाची मासळी, सुकली की नखाएवढी.
ती अंधाऱ्या रात्रीच मिळते,
पाण्यावर कंदील सोडून.
उजेड बघून थव्याने वर येते,
तिला वाटतं, उजाडलं.
प्रचाराच्या शेवटच्या सभेला जनरेटर लावून
एवढे मोठे दिवे आणले होते,
आम्ही सगळे पोराबाळांसकट गेलो होतो.

नाव एकट्याने निघत नाही.
वल्ही आमच्या घरात आहेत, दाराला आडवी.
जाळं न्यागुदीकडे.
नाव वाळूत पडलीय
आणि पोरं तिच्यात बसून निकाल जाहीर करतात.
अमावास्या आली तशी गेली.
शेजारच्यांनी टोपल्या भरून आणल्या,
मला सुकवायला दिल्या, मजुरीवर.

परवा रात्री आईच्या पत्र्यावर दगड पडला.
न्यागुदीची आई तीच, ओवितीची सासूही तीच,
मारणाऱ्याने एवढा विचार केला नसावा.
सकाळी तिने तो उचलून चुलीला लावला.
तिसरा कधीचा डुगडुगत होता, म्हणाली.

ओविती म्हणतो, दोन पेट्या वाटेतच बदलल्या.
न्यागुदी म्हणतो, निसटलेला मासा नेहमी हत्तीएवढा असतो.
दोघंही हे मला सांगतात,
मी पलीकडे नेऊन पोचवावं म्हणून.
पोचवते. थोडं पाणी घालून.

एकमेकांना पाण्यात पाहतात म्हणावं,
तर पाण्यावर जातच नाहीत.
गेले असते तर कंदिलाशी वाकल्यावर
दोन डोकी शेजारीशेजारी दिसली असती,
दोन्हींना टक्कल पडत चाललेलं,
आणि मासळी दोघांच्या तोंडातून आरपार गेली असती.

माझं मत आपल्यालाच, असं दोघंही धरून चाललेत.
ओवितीने तर माझं नाव घेऊन हिशेब मांडला,
एकसष्ट खोटे कसे, ते सांगताना.
मी चार तास रांगेत होते.
पुढे अजून शंभर जणी,
तेवढ्यात व्यापाऱ्याच्या ट्रकने भोंगा वाजवला
आणि माझी तीन पोती रस्त्याकडेला पडलेली.
मी रांग सोडली.
हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.
कधी कधी रात्री मोजते,
त्या भोंग्यावर रांगेतून किती जणी निघाल्या.

काल रागोत आणि अबुटोबाई एकाच गाडीतून आले.
एकमेकांचा हात धरून वर केला.
त्याला काहीतरी देणार आहेत, काय ते कळलं नाही,
लाउडस्पीकर मध्येच गेला.
अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.
उरलेले आपल्या छातीकडे बघत होते.

ओविती घरी आला, जेवला नाही.
दारातली वल्ही काढून भिंतीला उभी केली.
का, मी विचारलं नाही.
सारखी ठेच लागायची, एवढंच असेल.
चांदणं सरायला अजून आठ दिवस आहेत.
मी कंदील हलवून पाहिला,
तळाशी रॉकेल थोडंसं वाजलं.