पिंपाला पंचवीस सेंट

नदी हाकेच्या अंतरावर वाहत होती
आणि मी पाणी विकायचे.

हसू नका.
मिसुरीचं पाणी गढूळ, दाताखाली कचकचायचं,
आणि लकी बेंडात विहीर खणायला सवड कुणाला?
जो तो धरण बांधायला आलेला.
आमचा खटारा फोर्ड, मागं आठ पिंपं,
अकरा मैलांवर श्टोल्झच्या कुरणातला झरा.
पिंपाला पंचवीस सेंट, उधारी शनिवारपर्यंत.

मार्चात तिथं नुसतं गवत होतं, आणि एक मेलेली गाय.
जूनमध्ये रस्ता, रस्त्याला नाव,
दोन न्हावी, एक दात उपटणारा,
आणि दारूचे अठरा गुत्ते.
मोजलेत मी. सगळीकडं पाणी माझंच जायचं.
"व्हिस्कीतसुद्धा," डेल्फीन डोळा मारून सांगायची
आणि पिंपामागं पाच सेंट जास्त द्यायची
तोंड बंद ठेवण्याचे.

माणसं बारा गावचं पाणी प्यालेली,
तेरावं माझं.
बंद पडलेल्या खाणींतली, लाकूडतोडीतली,
सर्कशीतून पळालेला ऑगी टिबेट्स तर तलवार गिळायचा,
आता गाळाच्या नळाला बोल्ट आवळायचा.
पगाराच्या रात्री कुणी पैज लावली
की घरातला चमचा गिळून दाखवायचा. परत काढून द्यायचा, पुसून.

नदीच्याच तळातला गाळ शोषायचा,
नळांतून वर न्यायचा,
आणि तिच्याच वाटेत ओतायचा.
हाल्वोर म्हणायचा, बाईला तिच्याच पदरानं बांधतायत.
मी म्हटलं, गप जेव.

घरं म्हणजे फळकुटं आणि डांबरी कागद.
थोरा लुंडच्या भिंतीला संत्र्यांच्या खोक्याची फळी,
कॅलिफोर्नियाची संत्री, अक्षरं उलटी लागलेली.
त्या उलट्या संत्र्यांखाली तिला मुलगी झाली,
बाहेर पारा उणे चाळीस.
पिंपातलं पाणी कुऱ्हाडीनं फोडलं,
तुकडे शेगडीवर वितळवले,
पोरगी न्हाली.
त्या पिंपाचे पैसे घेतले नाहीत. तेवढंच एक.

कामाच्या पाळ्या तीन, म्हणून गावाला रात्र नव्हती.
थोराकडं भाड्याची एक खाट, तिघांत मिळून,
आठ-आठ तास.
एक उठायचा, दुसरा त्याच खळग्यात पडायचा.
उशी कधी गार व्हायची नाही.

दुसऱ्या वर्षी हाल्वोर रात्रपाळीहून आला,
बूट न काढता बसून राहिला.
"कुठंतरी पाणी मुरतंय," म्हणाला.
मला वाटलं, पगाराचं बोलतोय.

नवव्या दिवशी दुपारी बांधाचा एक लचका
सुटला आणि सरकला,
ट्रॅक्टर, नळ, माणसं घेऊन.
आवाज फार झाला नाही. ओली गादी टाकावी, तसा.
दोघं सापडले. पाच नाही.
भोंगा वाजला, पाळी बदलली,
महिन्याभरानं काम पुन्हा सुरू.

मी थोराकडं पिंप उतरवायला गेले.
खाटेवर कुणी नव्हतं.
उशीवर हात ठेवला, का ते माहीत नाही.
ती ऑगीची पाळी होती.

मग धरण झालं, आणि गाव आलं तसं गेलं.
घरं ट्रकवर चढली, चुली आत तशाच.
डेल्फीननं बारचा आरसा गादीत गुंडाळून नेला,
पाण्याचे उरलेले पैसे दारात मोजून दिले,
व्हिस्कीच्या पाण्याचेसुद्धा.
गवत परतलं. गाय नाही.

परवा नातवानं तिकडं नेलं.
तळं बघ, म्हणाला, दुसरा काठ दिसत नाही.
पोरं होड्या उडवत होती.
मला तहान लागली, त्यानं गाडीतून बाटली काढली,
विकतची.

घरी आल्यावर वही काढली.
बहुतेकांनी फेडलंय, काहींनी पत्रातून, नाणं कागदाला चिकटवून.
ऑगी टिबेट्स: तीन पिंपं, पंचाहत्तर सेंट.
खोडलं नाही. उधारी त्याच्या अंगावर आहे,
आणि वर
ते सगळं धरण.