ग्यखा

लिलावात ती कुणालाच नको होती.
पंचायत समितीच्या मागे, बेशरमाच्या झुडपात,
चारही चाकं मातीत,
सीटखाली मुंगसाचं बिऱ्हाड.
टेकचंदने बोली लावली, मग मला फोन केला :
"रागावू नको. एक वस्तू घेतली."

चार वर्षं ती अंगणात उभ्यानं
आमचे पगार खात होती.
पेट्रोलचं इंजिन गेलं, भंगारातल्या मेटॅडोरचं डिझेल आलं.
मागचं बाक एसटीचं,
'विधानसभा सदस्य' ही पाटी तशीच,
त्या जागेवरून पोरांची अजून मारामारी.
टपावर तंबूसाठी जाळी हवी होती,
तर माझ्या माहेरचा लोखंडी पलंग
मला न विचारता कापला.
(मी दोन दिवस बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, उरलेल्या पायांचं काय केलंस?)

रंग खरवडताना बाजूच्या पत्र्यावर
दोनच अक्षरं निघाली : ग्य खा.
आधीचं 'आरो' आणि नंतरचं 'ते' गंजानं नेलेलं.
रुणालीनं तेच नाव धरलं.
"आई, ग्यखाला धुतलं का?"
"आई, ग्यखा रुसली."

पौषात, धान चुरून झाले की आम्ही निघतो.
साकोली मागे पडते, मग डांबर मागे पडतं,
मग पांदण, मग नुसती चाकोरी.
चढावर एक सायकलवाला आमच्या पुढे गेला,
वर पोचून थांबला,
आणि काळजीनं मागे बघत राहिला.

कोहळ्यांनी कधीकाळी बांधलेला हा तलाव
टेकचंदच्या नकाशात नव्हता.
पाळीवर ग्यखा उभी केली, चाकांना दगड लावले.
पळसाच्या पानांत पानगे भाजले,
एका बाजूनं करपले, ती बाजू चेतेशला आवडते.
पलीकडच्या गावात नाटकाचा भोंगा तपासत होते :
हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग,
आणि पाण्यावरून ते हॅलो दोनदा यायचं.

बॅटरी घेऊन एक म्हातारा आला.
शिंगाड्यांची राखण करतो म्हणाला, नाव डोमाजी.
आमच्याशी बोलायच्या आधी
तो गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"हे त टोचनाऱ्याइची गाडी होय."

कुणीच काही बोललं नाही.

"देवीची लस घेऊन येत.
हिचा आवाज आला का आमी पोट्टे धानात लपत होतो.
मले धरलन."
बाही वर केली. दंडावर दोन वण,
चवलीएवढे, बॅटरीच्या उजेडात चकचकीत.
"माहा भाऊ लय चांगला लपला."

शेकोटीतलं एक लाकूड टेकचंदनं उगाच हलवलं.
चेतेशला वाटलं गोष्ट अजून आहे.
"मग? सापडला का तो?"
डोमाजी पाण्याकडे बघत म्हणाला,
"नाही सापडला न बाबू. त्याइले नाही सापडला."

थोड्या वेळानं त्यानंच सांगितलं,
चालू करून दाखवा.
इंजिन बदललंय, हे टेकचंदच्या ओठावर आलं होतं;
ते गिळून त्यानं चावी फिरवली.
ग्यखा खोकली, थरथरली, मग लागली.
डोमाजी मान तिरपी करून ऐकत होता,
बराच वेळ,
डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो तसा.
"नाही," म्हणाला. "आवाज थो नोहे."
त्याला त्यानं बरं वाटलं की वाईट,
अंधारात मला कळलं नाही.

त्या रात्री रुणाली तंबूत माझ्या कुशीला आली,
बारा वर्षांची झाल्यापासून येत नसे.

सकाळी बॉनेटवर ओले शिंगाडे,
लुंगीच्या फाटक्या तुकड्यात बांधलेले,
आणि गाडीची बॅटरी पार उतरलेली.
आम्ही तिघं, आणि डोमाजी, ढकलायला.
टेकचंद स्टिअरिंगवर, एक पाय बाहेर.
डोमाजीचा हात नेमका त्या अक्षरांवर पडला होता;
त्याला वाचता येत नाही, मी विचारलं होतं.

पाळीच्या उतारावर ग्यखा लागली.
आम्ही हात सोडले.
तो अजून चार पावलं
तिला ढकलतच गेला.