एक वाफा तसाच

फ्रिजमध्ये, लोण्याच्या आणि कालच्या सुपाच्या मधे
इदवालचं पाकीट.
आत पाच कोटी सूत्रकृमी, थंडीत निजलेले.
मुलीने वर चिकटवलंय : बाबा, हे खायचं नाही.

स्लेटच्या खाणींचं गाव. इथे, वेल्समध्ये,
पाऊस येत-जात नाही, बिऱ्हाड करून राहतो,
आणि त्याच्या मागोमाग गोगलगायी,
त्याही बिनशंखाच्या, घर न घेताच निघालेल्या.
पोटात पाय,
आणि पोटभर इदवालचं लेट्यूस.

पूर्वी तो निळ्या गोळ्या टाकायचा.
मग एका सकाळी वाटाण्याच्या वेलाखाली
कस्तुर सापडला, चोच उघडी,
ज्या दगडावर तो शंख आपटून फोडायचा
त्याच्यापासून वीतभर लांब.
उरलेला डबा इदवालने दुकानात नेऊन ठेवला
आणि पैसे परत मागितले नाहीत.

तेव्हापासून बॅटरी, आणि मिठाच्या पाण्याचं डबडं.
रात्री दहा. कुंपणापलीकडे दुसरी बॅटरी :
एलिनेड, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त,
अंगात गेलेल्या नवऱ्याचा रेनकोट,
बाह्या चार वेळा दुमडून.
"किती?"
"एकतीस."
"माझ्या त्रेचाळीस."
इतकंच. कधी हवा. कधी गुडघे.
एकदा दोन्ही बॅटऱ्या विझवून
बराच वेळ नुसताच पाऊस.

एप्रिल सरताना माती जराशी ऊबदार झाली.
संध्याकाळी त्याने पाकीट झारीत कालवलं,
पाणी ताकाच्या निवळीसारखं.
ढवळत राहायचं, नाहीतर तळाशी बसतात.
वाफ्यावाफ्यावरून फिरला,
कुंपणालगतच्या शेवटच्या वाफ्यापाशी थांबला.
झारी अजून अर्धी होती.
ती त्याने गुलाबांना घातली.

लढाईचा आवाज असा काही झाला नाही.
मातीखाली कुणीतरी कुणाच्या तरी पाठीतून आत शिरलं,
आत घर केलं, पोरंबाळं वाढवली.
गोगलगायीची भूक गेली, ती खाली उतरली,
पुन्हा वर आली नाही.
आपल्याकडे म्हण आहे, पोटात काय काय असतं याची;
हे मात्र म्हणीतही नव्हतं.

तीन आठवडे. लेट्यूसला टाचणीएवढं भोक नाही.
रात्री दहाला इदवाल शेवटच्या वाफ्यात वाकलेला,
गुडघे कुरकुरत.
"किती?"
"सात," तो म्हणाला. खरंच सात होत्या.

एलिनेडने बॅटरी उचलली,
त्याच्या बाकीच्या वाफ्यांवरून सावकाश फिरवली,
धड पानं, धड पानं, धड पानं,
आणि उजेड परत त्या एकट्या चाळण झालेल्या वाफ्यावर आणला.
काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूला,
कुंपणाला अगदी लागून,
कोबीची बारा रोपं लावलेली.
कोवळी. गोगलगायींना आवडतात तशी.