पहिली टाकी

या महिन्यात भिशी मला लागली.
वहिनी म्हणाली, मिक्सर घे, जुना जळका वास मारतो.
बर्फ कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, कानातलं कर.
रविवारी मी अडखळला गेले,
अश्फाक मुकादमच्या पडवीत,
तिथे वर्तमानपत्र अंथरून
दोन गाड्या मांडल्या होत्या.

एक निळी. बॅटरीची. खोक्यासकट.
घोडा दाबला की निघाली, अश्फाक म्हणाला,
धूर नाही, वास नाही, शेजारी भांडायला येत नाहीत.
तिने पडवीभर एक चक्कर मारली
आणि मांजराने डोळासुद्धा उघडला नाही.

दुसरीला वरचं कवचच नव्हतं.
हातभर लांब, पोटात लिंबाएवढं इंजिन,
डोक्यावर कल्ल्यांसारख्या पातळ पट्ट्या.
नायट्रोची, तो म्हणाला, इंजिन कोरं आहे,
अजून एकदाही फिरलं नाही. पण ऐक.
इंधन कुरिअरवाले घेत नाहीत,
पुण्याहून कोणाच्या तरी हाती मागवावं लागतं.
ग्लो प्लग जळतो. सुई पाव आटा चुकली की रुसते.
खेळून झालं की आत तेल सोडायचं,
नाहीतर आपली हवा आठवड्यात बेअरिंग धरते.
आणि वाळूत न्यायची नाही. कधीच.

मी खिडकीतून पाहिलं.
खाडीपलीकडे मैलभर वाळू पडली होती.

बारा वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस
म्हणाला, पहिलीच असेल तर ही नको घेऊस.
विकणाऱ्याने असं बोलू नये
एवढं मलाही कळतं.

चालू कशी करायची, मी विचारलं.
त्याने दोरीची मूठ माझ्या हातात दिली.

आमच्या होडीलाही दोरीचं इंजिन होतं.
ती ओढायचा मान भावाचा.
तुझा हात निसटेल, बाबा म्हणायचे,
मी डब्यातून डिझेल गाळून द्यायचे, फडक्याने,
आणि मागे सरून उभी राहायचे.
होडी गेली. भाऊ दुबईला गेला.
बाबांचे कानही त्या इंजिनाबरोबरच गेले.

सड्यावर एक सपाट जागा आहे,
कुठल्याशा मंत्र्याच्या हेलिकॉप्टरसाठी केलेली,
हेलिकॉप्टर आलं नाही, चुन्याचा गोल राहिला.
त्या गोलात आम्ही दोघं.
मी दोरी ओढली. काही नाही.
ओढली. फुर्र, आणि काही नाही.
अकराव्यांदा जांभ्यावरच्या टिटव्या उडाल्या
आणि निळा धूर निघाला, एरंडेलाचा वास,
आजारपणाचा आणि जत्रेचा एकत्र.

मी घोड्यावर बोट ठेवलं तसं
बाबांनी माझं मनगट धरलं.
"नव्या इंजनाला पयल्या दिसा पलवायचा नाय."
ऐकू तर येत नव्हतं त्यांना.
ते उकिडवे बसले, चाकं उचलून धरली,
तळहात पोटाला लावला, जसा तापात कपाळाला,
बराच वेळ.
मग बोट थुंकीने ओलं करून
इंजिनाच्या डोक्यावर एक थेंब ठेवला.
चर्र न होता तो हळूहळू आटला.
सुई एवढीशी फिरवली, नखाने.
आवाज बदलला. मला ऐकू आला,
त्यांना हातात कळला.

पहिली टाकी नुसती उभ्यानेच जाळली.
दुसरी गोलातल्या गोलात, बैलाच्या चालीने.
खाली हर्णैच्या जेटीवर लिलाव सुटला होता,
माणसं मुंगीएवढी, छत्र्या, टेंपो,
आणि मी भिशीचे सगळे पैसे
चुन्याच्या एका वर्तुळात फिरवत होते.

तिसऱ्या टाकीला ती धाडकन बंद पडली.
बाबांचा हात सवयीने दोरीकडे गेला.
मूठ धरली, थांबले,
फडक्याने पुसली,
आणि माझ्यापुढे करून
दोन पावलं मागे सरले.