दरीकडचा डोळा

आधी चिरे होते.
करमळ घाटात, दरीच्या बाजूला,
खुशाली वेळीपचा बाप चतुर्थीच्या आधी
शिंपल्यांच्या चुन्यानं ते पांढरे करायचा.
पुढच्या आषाढापर्यंत पुन्हा तांबडे.
मग झाडांचे बुंधे, गेरू आणि चुना.
मग डांबराची रिकामी पिंपं, पोटात माती.
मग रंग आला काचेच्या मण्यांचा:
पट्टा ओला असताना मूठमूठ पेरायचे,
साखरेएवढे मणी.
एकानं जिभेवर ठेवून पाहिला, थुंकला.

मग अ‍ॅल्युमिनियमचे डोळे, पोटाखाली लांब खिळा.
त्यातले अकरा एका रात्रीत उपटले कुणीतरी.
कुंकळ्ळीच्या भंगारात सापडले, किलोच्या भावानं.

मी तेव्हा खात्यात नवा. हातात टेप आणि हजेरीपट.
वळणावर नऊ मीटर, सरळीला अठरा,
कडेला लाल, मधोमध पांढरे,
एवढंच पाठ.
पुस्तकात एक गोष्टही होती:
दूरच्या कुठल्या थंड मुलखात
धुक्यात वाट चुकणाऱ्याला मांजर दिसलं,
म्हणजे मांजराचे डोळे दिसले,
आणि त्यानं तसेच करून रस्त्यात पुरले.
खरं-खोटं देव जाणे.
पण त्याच्या डोळ्यांना रबराची पापणी होती.
चाक वरून गेलं की डोळा खाली दबे,
साठलेल्या पावसानं स्वतःला पुसून घेई.
जो तुडवतो त्याच्याच वजनानं स्वच्छ.
आमच्याकडे आले ते पापणी नसलेले,
प्लॅस्टिकचे, धूळ बसली की बसली.

रात्री काम चाले. वरच्या वळणावर
कॅजितान लाल कंदील घेऊन उभा.
दोन डब्यांतलं दोन रंगांचं औषध
फळीवर कालवायचं, वीस मिनिटांत दगड.
खुशाली गुडघ्यांवर. एक डोळा चिकटवी,
तळव्यानं दाबून धरी,
तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा.
मध्येच म्हणाला,
"सायब, हातूंत सेल खंय घालतात?"
सेल नसतो, म्हटलं. वायर नसते.
जेवढा उजेड त्याच्यावर पडतो
तेवढाच तो आल्या वाटेनं परत धाडतो.
थोडा वेळ तो कालवत राहिला.
"म्हळ्यार चलप्याक उपेग ना."
त्याचं घर खाली दोन किलोमीटर.
टॉर्च होता त्याच्याकडे, सेल नव्हते.
मी टेप गुंडाळली.

शेवटी एक उरला, कोपरा उडालेला, लाल.
मी वहीत लिहिलं: १ नग, बाद.
खुशालीनं तो आपल्या कुंपणाच्या खांबावर बसवला,
रस्त्याकडे तोंड करून.
मडगावहून कदंबची शेवटची गाडी उतरायची,
वळण घेताना झाडांत एक लाल ठिपका उघडायचा.
तिथं थांबा नाही. मिंगेल ब्रेक मारायचा.
"वेळीप, तुगेलें घर जागें जालां," म्हणायचा,
आणि खुशाली पिशवी सावरत उतरायचा.

आता सौर डोळे आलेत.
कुणी येवो न येवो, आपले मिचकावत बसतात.
खुशाली नाही. मिंगेलची गाडी दुसरा कुणी चालवतो.
मी निवृत्त, म्हणून मागच्या मार्गशीर्षात गेलो.
बुधी अंगणात सुपारी सोलत होती.
खांबावर बोट दाखवून म्हणाली,
तो पहिल्यापासून बंदच, एकदाही पेटला नाही.
तेवीस वर्षं ती खांबाच्या या बाजूला होती,
आणि ज्याचा दिवा, त्याच्याच डोळ्याकडे जाणारा तो उजेड.

कसं सांगायचं?
तिला रस्त्यावर नेलं, वळणाशी.
टॉर्च छातीशी धरला. काही नाही.
मग म्हटलं, कपाळाला टेकवा,
डोळ्याच्या अगदी शेजारी.
ती हसली, पदर सारखा केला,
टेकवला.

बराच वेळ काही बोलली नाही.
"जितो आसा," म्हणाली मग.
आणि सेल संपतील म्हणून
टॉर्च विझवून माझ्या हातात दिला.