पात्रयादीत माळढोक

अशोक चौकामागच्या शेडमध्ये,
माग विकून मोकळ्या झालेल्या जागेत,
इरण्णानं नाटक बसवलं.
एप्रिल. त्रेचाळीस.
प्रेक्षक एकतीस, पंखे मुद्दाम बंद.
माझ्याकडे एकच दिवा आणि एकच सूचना:
माळढोक आला की लाव.

माळढोक म्हणजे यादगिरी येमुल.
डाईंगमध्ये चौतीस वर्षं.
तालमीत म्हणाला, पक्षी तर मी बघितलोच नाही बे,
नान्नजला गेलतो एकदा, ते पण लग्नाला.
नाला हो म्हणशील तर होतो,
कुठल्या वारी कुठला रंग सोडला, सगळं पाठ हाय.

त्याची नखं बघा. बुधवारचा निळा.

प्रयोगात त्यानं काहीच केलं नाही.
पाठीवर सेकंडचा टॉवेल, मान उंच,
नुसता आमच्याकडे बघत उभा.
दहा मिनिटं.
कुणी पत्रिकेनं वारा घेऊ लागलं,
कुणी खोकलं.
सतराव्या मिनिटाला मागची एक बाई उठली,
भिंत चाचपत गेली,
आणि चारही पंखे सुरू.

हायसं वाटलं. मलाही, खोटं कशाला बोलू.

जुनं वायरिंग. दिवा मंदावला.
टॉवेल उडून माझ्या पायाशी आला,
मी तो उचलेपर्यंत यादगिरी नव्हता.

संहितेत हे नव्हतं.

बाहेर तो विडी ओढत होता.
आत चल म्हटलं, लोक थांबलेत.
म्हणाला, कशाला? वारा लागतोय की त्यांना.

परत आलो तर सगळे तसेच बसलेले,
केस भुरभुरताहेत,
आणि नजर त्या पिवळट गोलावर,
जिथं कुणीच नाही.